चाळीस मीटरची तार कुठे बांधू?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की सकाळच्या वेळी चाळीस मीटर बँडवर, म्हणजे चाळीसेक मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात, पुणे, बेंगळूरु, हैदराबादची हॅम मंडळी, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारी माणसं, एकमेकांना कशा हाका मारतात. त्यावर आलेल्या पत्रांत सेट कुठला घ्यावा असं विचारणारं एकच होतं, बाकी सगळी तारेबद्दल, म्हणजे अँटेनाबद्दल. बरं वाटलं. बेळगावातल्या शहापूरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकं नेमकं उलटं करायची. आधी महागडा सेट आणायची, खिडकीला हातभर वायर अडकवायची आणि "काहीच ऐकू येईना ओ" म्हणून सेट माझ्या टेबलावर ठेवायची. सेटला काही झालेलं नसायचं. पत्रं थोडी कापून छापली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. हॅम रेडिओचा जनरल ग्रेडचा परवाना नुकताच हाती आला. जांबोटीजवळ जांभ्या दगडाचं बैठं घर आहे, भोवती फणस, नारळ, सुपारी. तयार अँटेना मागवावा तर पेन्शनीला खिंडार पडेल. चाळीस मीटरसाठी तारेचा डायपोल घरी कसा करायचा? पहिल्यापासून सांगा.
— खानापूर तालुका

उत्तर : गुरुजी, अंगणात फणस आहे म्हणजे तुमच्याकडे टॉवर आहे. बेळगावच्या गच्चीवाल्यांना तो पैसे देऊनही मिळत नाही.

आधी लांबी. डायपोल म्हणजे अर्ध्या तरंगलांबीएवढी तार, मधोमध तोडून तिथे केबल जोडलेली. १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. चाळीस मीटरवर आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ वापरता येतात. मधला ७.१ धरा. १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१४ मीटर, त्याचे दोन सारखे पाय. खरी अर्धी तरंगलांबी काढायची तर १५० ला भागावं लागेल, पण तारेच्या टोकांशी जो परिणाम होतो त्यामुळे प्रत्यक्षातली तार पाचेक टक्के आखूड लागते. म्हणून १४३. जुन्या पुस्तकांत ४६८ भागिले मेगाहर्ट्झ असं फुटांचं सूत्र दिसेल, ते हेच. हिशोब झाला की तो बाजूला ठेवा आणि प्रत्येक पाय साडेदहा मीटरचा कापा. वीस सेंटिमीटर टोकाला बांधण्यात जातील, उरलेलं जास्तीचं नंतर कमी करता येतं. आखूड कापलेल्या तारेला मात्र जोड द्यावा लागतो, आणि जोड म्हणजे पावसाला आमंत्रण.

तार कुठली, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. खानापूरच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात घरगुती वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची पीळदार वायर सुटी मीटरवर मिळते. तीच घ्या. वरचं पीव्हीसी सोलू नका. त्या आवरणामुळे तार विजेच्या हिशोबाने जरा लांब भासते आणि शेवटी दोन-चार टक्के आखूड करावी लागते, एवढाच फरक. पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडे सोळा गेजची इनॅमलची तार मिळते, तीही चालेल, पण ती मऊ तांब्याची असते आणि टांगल्यावर हळूहळू लांबत जाते. ती वापरायची झाली तर मोजण्याआधी एक टोक झाडाला बांधून दुसरं अंगाच्या भाराने नीट ताणून घ्या. कुंपणाची जीआय तार नको. ती गंजते, आणि गंजल्यावर त्या सांध्यांत काय चालतं ते शोधायला कुणी येणार नाही.

मध्यभागी केबल जोडायला एक तुकडा लागतो. भाजी चिरायचा जुना प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड यासाठी उत्तम, फक्त तो जुना झालाय हे घरात आधी ठरू द्या. तळहाताएवढा तुकडा कापा. दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाडून तार त्यातून ओवा आणि स्वतःभोवती पिळा, वरच्या भोकात दोर, खालच्या भोकातून केबलचा फेरा. सगळा भार प्लास्टिकवर यायला हवा, सोल्डरवर नाही. केबलची मधली तार एका पायाला, तिच्याभोवतीची जाळी दुसऱ्या पायाला. टोकांच्या इन्सुलेटरसाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे बोटभर तुकडे पुरतात. खांबाच्या ताणतारेत असतात तसे चिनीमातीचे अंड्यासारखे इन्सुलेटर भंगारात मिळाले तर लगेच उचला.

केबल ५० ओहमची आरजी-५८ घ्या. सात मेगाहर्ट्झला ती पंचवीस मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते, म्हणजे काळजीचं काही नाही. टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ स्वस्त आहे, आणि मोकळ्या हवेतल्या डायपोलचा रोध ७३ ओहमच्या आसपास असल्यामुळे ती शोभतेही. पण तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर सोल्डर बसत नाही. त्यासाठी दाबून बसवायचा एफ कनेक्टरच लागतो. मधल्या तुकड्याच्या लगेच खाली त्याच केबलचे आठ-दहा वेढे, हाताच्या वीतभर गोलाईचे, एकमेकांना चिकटून घालून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधा. केबलच्या जाळीच्या बाहेरून परत येणारा प्रवाह त्याने अडतो. नाही तर केबल स्वतःच अँटेनाचा तिसरा पाय होऊन बसते आणि माइकला ओठ लागला की चटका देते.

आता पाऊस. मलप्रभा जिथे उगवते त्या कणकुंबीच्या बाजूचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा. केबलच्या उघड्या टोकातून पाणी आत शिरतं आणि जाळीतून खाली उतरत जातं. पावसाळ्यानंतर केबल कापून बघा, चकचकीत जाळी हातभर आतपर्यंत काळी पडलेली असते. सांध्यावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून काळी इन्सुलेशन टेप. टेप खालून वर गुंडाळत जा, कौलं रचतात तशी, म्हणजे पाणी वरच्यावर घसरतं. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं लावू नका, ते तांबं खातं. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळ भिंतीत न शिरता तिथेच ठिबकेल.

झाडावर दोर चढवायला माणूस चढवायची गरज नाही. बेचकी, मासे धरायची तंगूस आणि एक जड नट, एवढं बास. नट फांदीपलीकडे पडला की तंगुशीला सुतळी, सुतळीला दोर बांधून ओढा. बेचकी मारताना खाली पोरं नकोत आणि पलीकडे विजेच्या तारा नकोत. फणस दणकट, त्यावर एक टोक पक्कं. नारळाला बांधलंत तर झावळ पडून तार तुटते. सुपारी वाऱ्यावर एवढी डोलते की ताठ बांधलेली तार पहिल्या वादळात जाईल. म्हणून सुपारीच्या बाजूला कप्पी लावा, दोर तिच्यातून खाली आणा आणि त्याला वाळू भरलेली बाटली टांगा. झाड झुकलं की बाटली वर जाते, सावरलं की खाली येते, तारेला पत्ता लागत नाही. बाजारातली निळी प्लास्टिकची दोरी उन्हाने पीठ होते. पॉलिएस्टरची घ्या, थोडी महाग पडली तरी. मी कुणालाही सांगतो, काटकसर सेटमध्ये करा, दोरीत नको.

उंची आठ ते दहा मीटर मिळाली तरी पुरे. पुस्तकं म्हणतील अर्धी तरंगलांबी हवी, म्हणजे वीस मीटर. दूर परदेशाशी बोलायचं असेल तर ते खरं आहे. पण पाव तरंगलांबीवरचा डायपोल लहरी सरळ वर फेकतो, त्या आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर आपटून चहूकडे तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. दिवसा पुणे, मुंबई, बेंगळूरुशी गप्पा मारायला हेच हवं. सह्याद्रीची रांग मध्ये आहे का नाही, याचाही प्रश्न राहत नाही, कारण लहर डोंगरावरूनच येते.

टांगल्यावर एसडब्ल्यूआर मीटर (तारेकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा; एक म्हणजे काहीच नाही) किंवा नॅनोव्हीएनए हे अँटेना तपासायचं छोटं यंत्र लावून बघा, तार कुठल्या फ्रिक्वेन्सीला गाते. २०.६ मीटरची तार, पीव्हीसीसकट, ६.८ च्या आसपास दाखवेल. नवी लांबी म्हणजे जुनी लांबी गुणिले मीटरवरचा आकडा भागिले हवा तो आकडा. २०.६ गुणिले ६.८ भागिले ७.१, उत्तर १९.७३. म्हणजे प्रत्येक पाय सुमारे ४३ सेंटिमीटर कमी. कापू नका, टोक मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळा आणि पुन्हा मोजा. आणि हे काम कोरड्या दिवशी करा. तार आणि पानं भिजली की आकडा खाली सरकतो. पावसात जुळवलेली तार दिवाळीला चुकीची निघते.

शेवटचं, मीटरच्या नादी लागू नका. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर चार टक्के शक्ती परत येते, २ असेल तर अकरा, ३ असेल तर पंचवीस. दीडाचा एक करायला पंधरवडा घालवणारी माणसं मी पाहिलीत, समोरच्याला त्यातलं काही ऐकू येत नाही. डमी लोडचा, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या नुसत्या रोधाचा, एसडब्ल्यूआर नेहमीच उत्तम असतो आणि त्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंतही पोचत नाही.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगला आहे. आमचं घर वडगावात यंत्रमागवाल्यांच्या गल्लीत आहे. गच्ची ३० बाय ४० फूट. वीस मीटरची तार बसत नाही, आणि जी काही तात्पुरती टाकली त्यात दिवसभर नुसती घरघर. शिवाय शेजारच्या आजी खालून विचारतात, "काय करूलालीस गे वर?" आणि टॉवरने आजार होतो म्हणून भांडतात.
— बेळगाव

उत्तर : तुझ्या गच्चीचा कर्ण पन्नास फूट आहे, सव्वापंधरा मीटर. त्यात उलटा व्ही, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही पाय खाली उतरलेला डायपोल, आरामात बसतो. मधोमध सात मीटरचा जीआय पाइप उभा कर, त्याला तीन बाजूंनी दोराचे ताण दे. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत अडीच मीटरचे बांबू बांध. पाइपच्या टोकापासून बांबूच्या टोकापर्यंत तिरपं अंतर पावणेनऊ मीटर भरतं. पायाची उरलेली सव्वा-एक मीटर तार बांबूपासून कठड्याला समांतर वळव. वळलेल्या टोकाने काही बिघडत नाही, कारण सगळ्यात जास्त प्रवाह मधल्या भागात वाहतो आणि काम तोच भाग करतो. दोन पायांमधला कोन नव्वद अंशांच्या खाली नको, तुझा एकशे वीसच्या आसपास येईल. शिवाय पाय खाली झुकले की रोध कमी होऊन ५० ओहमच्या जवळ येतो, म्हणजे आरजी-५८ ला बरंच.

टोकं मात्र हाताला लागता कामा नयेत. प्रवाह मध्ये जास्त असतो तसा विजेचा दाब (व्होल्टेज) टोकांना जास्त असतो, पन्नास वॉटलाही बोट भाजतं. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायला कोण कोण येतं ते तुला माहीत. आजींना सांग, हा मोबाइलचा टॉवर नाही, दिवसातून थोडा वेळ, एका बल्बाएवढ्या शक्तीवर बोलायचं यंत्र आहे. नाहीच पटलं तर एकदा वर बोलावून हेडफोन कानाला लाव. भांडण मिटेल असं म्हणत नाही, पण विषय बदलेल.

घरघरीचा शोध आधी स्वतःच्या घरात घे. सेट बॅटरीवर चालव आणि मेन स्विच बंद कर. आवाज पडला तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत जा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर नाही तर इन्व्हर्टर सापडतो. माग म्हटल्यावर सगळे मोटारीला शिव्या घालतात, पण साधी इंडक्शन मोटार एकदा फिरायला लागली की तशी गुणी असते. त्रास देतात ते झिजलेले स्टार्टर आणि सैल जोड. आणि अलीकडे मागावर लावलेल्या एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हर. मेन बंद करूनही घरघर राहिली तर खिशातला ट्रान्झिस्टर मध्यम लहरीवर, दोन स्टेशनांच्या मधे लावून गल्लीतून एक फेरी मार. जिथे आवाज वाढतो तिथे दोष. गल्लीची लाइट गेली की धावत वर जा आणि सेट बॅटरीवर लाव. बँड खरा कसा असतो ते त्या दहा मिनिटांत कळेल. केबलचे वेढे वर गुरुजींना सांगितलेत, ते तुला त्यांच्यापेक्षा जास्त लागतील, कारण घरातली घरघर केबलच्या जाळीवरूनच वर चढते. अँटेनाचा मधला भाग मागांच्या बाजूपासून जितका लांब जाईल तितका ने, एका मीटरनेही फरक पडतो.

प्रश्न : मी बारावीत आहे. परवाना नाही. पण एकाच वॉटचा छोटा ट्रान्समीटर आहे, त्याने कुणाला त्रास होणार नाही. चालेल ना?
— निपाणी

उत्तर : नाही. वॉटवर काही अवलंबून नाही. एक वॉट चाळीस मीटरवर चांगल्या तारेतून हजार किलोमीटर जातो, त्यातच तर मजा आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते, बारा वर्षांपुढच्या कुणालाही बसता येतं, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. अभ्यासक्रमातला अँटेनाचा भाग तुला तार टांगताना आपोआप येईल. तोवर डायपोल बांध आणि ऐक. सहा महिने नीट ऐकलेला पोरगा परवाना मिळाल्यावर पहिल्याच दिवशी ओळखू येतो, तो मध्येच बोलत नाही.

प्रश्न : आमचा मळा संकेश्वरच्या बाहेर, काळी जमीन, ऊस. विहिरीवरच्या खोलीत सेट ठेवलाय आणि चिंचेवरून डायपोल सोडलाय. वळवाच्या पावसात काय करू? एकजण म्हणाला, केबलचं टोक काचेच्या बरणीत ठेवलं की झालं.
— हुक्केरी तालुका

उत्तर : बरणीत लोणचं ठेवा. जी वीज आभाळापासून चिंचेपर्यंत हवा फोडून आली ती तीन मिलिमीटर काचेला विचारणार आहे का?

एप्रिल-मेत दुपारी आभाळ पश्चिमेकडून काळं व्हायला लागलं की गडगडाट ऐकायची वाट बघू नका. केबल सेटपासून काढा आणि खोलीच्या बाहेर सोडा. खोलीत सुटी पडलेली केबल म्हणजे विजेला आत यायची वाट. त्यापेक्षा भिंतीच्या बाहेरच एक जोड ठेवा, तो सोडवला की आतला तुकडा आणि बाहेरचा तुकडा वेगळा. बाहेरच्या तुकड्याची जाळी अर्थिंगला बांधा. अर्थिंगसाठी अडीच मीटरची सळई जमिनीत ठोका. काळ्या मातीत ओल धरून राहते, तेव्हा तुमचं अर्थिंग जांभ्यावरच्या गुरुजींपेक्षा चांगलं होईल. उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा तिथे कळशीभर पाणी ओतत जा. पंपाचं अर्थिंग आणि अँटेनाचं अर्थिंग दोन वेगळी ठेवू नका, जाड तारेने एकमेकांना जोडा. नाही तर जवळपास कुठे वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टांचा फरक उभा राहतो आणि तो फरक तुमच्या सेटमधून वाट काढतो. एवढं करूनही थेट पडलेल्या विजेपुढे कशाचाच इलाज चालत नाही. त्या वेळी माणसाने खोलीत केबलजवळ नसावं, आणि चिंचेखाली तर नाहीच.

वादळाआधी कधी कधी सुट्या केबलच्या टोकाला टक्‌टक् असा आवाज येतो, अंधारात ठिणगीही दिसते. वीज पडायचीच असं नाही, वारा आणि ढगांमुळे तारेवर साचलेला भार असतो तो. पण हात लावू नका.

तुम्ही विचारलं नाही, पण मळा म्हटल्यावर सांगतो. उसाच्या फडावरून विजेच्या तारा जातात. तुमची तार तुटून कुठल्याही बाजूला पडली, झोपली किंवा वाऱ्याने उडाली तरी त्या तारांना टेकता कामा नये, इतकं अंतर ठेवा. म्हणजे अँटेनाच्या पूर्ण लांबीहून जास्त. आणि दोर टाकताना नट विजेच्या तारेवरून गेलाच, तर ओढून काढायचा प्रयत्न करू नका. सोडून द्या, वायरमनला फोन करा.

काळ्या जमिनीचा आणखी एक फायदा. पुढेमागे उभा अँटेना करावासा वाटला, तर त्याच्या बुडाशी जमिनीवर पसरायच्या तारांना तुमची माती चांगली साथ देईल. डायपोलला मात्र जमिनीचं असं काही देणंघेणं नसतं. त्याचे दोन पायच एकमेकांना पुरतात.

प्रश्न : फौजेतून निवृत्त झालो, सिग्नलचं काम केलंय. उचगावात इन्व्हर्टेड व्ही (उलटा व्ही) लावलाय. संध्याकाळपर्यंत कोल्हापूर, सांगली, पुणे खणखणीत. मध्यरात्रीनंतर हे सगळे गायब, आणि कुठल्या कुठल्या परदेशी भाषा आत येतात. तारेत काही सुटलंय का?
— बेळगाव तालुका

उत्तर : साहेब, तार शाबूत आहे, वरचं छप्पर बदललं. दिवसा सूर्यामुळे आयनोस्फिअरचा एफ थर दाट असतो, सरळ वर गेलेला सात मेगाहर्ट्झही तो परत पाठवतो. रात्री सूर्य नसतो, थर विरळ होत जातो, आणि पहाटेच्या आधी सगळ्यात विरळ. मग सरळ वर गेलेली लहर भोक पाडून निघून जाते. तिरपी गेलेली तेवढी परत येते, ती शेकडो किलोमीटर पुढे उतरते. कोल्हापूर मधल्या आंधळ्या पट्ट्यात सापडतं. दिवसा खालचा डी थर दूरच्या लहरी शोषून घेतो. रात्री तो नाहीसा होतो, म्हणून परदेश आत येतो. फौजेत तुम्ही रात्रीची फ्रिक्वेन्सी खाली उतरवत असाल, ती याचसाठी.

उपायही तोच, ऐंशी मीटर. १४३ भागिले ३.६, म्हणजे पावणेचाळीस मीटर तार. उचगावात शेत असेल तर सरळ टांगा. खाली टांगलीत तरी चालेल, जवळच्यांशी बोलायला खालचीच बरी. जागा नसेल तर चाळीसच्या पायांच्या टोकांना कॉइल आणि पुढे थोडी तार असं करता येतं, पण कॉइलवाली तार फार अरुंद पट्ट्यात चालते आणि जुळवताना डोकं उठवते. आपण विषुववृत्ताच्या फार लांब नाही, त्यामुळे आपल्याकडे हे थर युरोपच्या पुस्तकांप्रमाणे वागत नाहीत. केरळात थुंब्याहून १९६३ साली पहिलं रॉकेट उडालं, ती जागा निवडण्यामागे चुंबकीय विषुववृत्ताच्या वरचं हेच आकाश होतं. संध्याकाळी आठ-नऊपर्यंत पुणं मिळतं याचं आश्चर्य करू नका, आपल्या अक्षांशावर मिळतं. बाकी दोन आठवडे तास लिहून ठेवा, तुमच्या गावचं वेळापत्रक कुठल्याही पुस्तकापेक्षा बरोबर निघेल.

प्रश्न : चाळीस मीटरचा डायपोल छान चाललाय. याच तारेत वीस आणि पंधरा मीटर बसेल का? दुकानदार म्हणतो ट्यूनर घ्या, सगळं बसतं.
— हल्याळ

उत्तर : ट्यूनर म्हणजे सेट आणि केबल यांचा मेळ घालणारी पेटी. तो सेटला समजावतो, तारेला नाही. वीस मीटरवर तुमच्या डायपोलच्या मध्यावर हजारो ओहमचा रोध असतो. ट्यूनर खाली मीटर एकावर आणून दाखवेल आणि शक्ती केबलमध्येच गरम होऊन जाईल. पंधरा मीटरची गोष्ट वेगळी. अर्ध्या लहरीची तार तिपटीवरही गाते, पण बरोबर तिप्पट नाही, जरा वर सरकून. ७.१ ला जुळवलेली तार २२ मेगाहर्ट्झच्या आसपास गाते आणि आपला बँड २१.० ते २१.४५. इथे फरक थोडा आहे, ट्यूनर लावून खुशाल बोला.

वीससाठी मधल्या त्याच तुकड्यावर, त्याच दोन टोकांना आणखी दोन पाय जोडा. १४३ भागिले १४.१५ म्हणजे दहा मीटर आणि वर दहा सेंटिमीटर, प्रत्येक पाय पाच मीटरच्या किंचित वर. कापताना वीतभर जास्तच ठेवा. हे पाय चाळीसच्या पायांखाली पंधरा-वीस सेंटिमीटर अंतराने समांतर टांगा. सात मेगाहर्ट्झला लांब पाय काम करतात, चौदाला आखूड, ज्याचं त्याला कळतं. आधी लांब पाय जुळवा, मग आखूड, आणि शेवटी लांब परत एकदा तपासा, कारण शेजारी आल्यावर दोघंही थोडे सरकतात. दोन तारांमध्ये अंतर राखायला ठिबकच्या काळ्या नळीचे तुकडे घ्या, दोन्ही टोकांना भोक पाडून तार ओवा आणि मीटरभर अंतरावर एकेक लावत जा. ती नळी उन्हातच राहायला बनवलेली असते. बांबूच्या काड्या लावू नका, पावसात फुगतात आणि वारा आला की तारेभोवती गरगर फिरतात.